ब्रिटिशांच्या काळ्या यादीतला वर्ध्याचा माणूस मेक्सिकोच्या शेतकऱ्यांना स्पॅनिशमधून शेती शिकवत होता

बुलढाण्याहून मलकापूरकडं निघालं की राजूर घाट उतरावा लागतो. घाट संपला की मोताळ्याचं शिवार लागतं आणि पावसाळ्यात या शिवारात मका डोक्याएवढा वाढलेला दिसतो. कपाशी आहे, सोयाबीन आहे, पण या पट्ट्यात मक्यानंही चांगलंच बस्तान बसवलंय.

आता या मक्याचं मूळ गाव कुठलं? तर मेक्सिको. तिथल्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी तेओसिंते नावाच्या एका रानगवतापासून निवड करत करत मका तयार केला. पुढं स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांमधून तो जगभर फिरला आणि फिरत फिरत आपल्याकडंही आला.

इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या पुस्तकात सापडते. पण आपल्याच विदर्भातला एक माणूस याच्या उलट दिशेनं गेला होता. मक्याच्या माहेरी जाऊन तिथल्या शेतकऱ्यांना तो मक्याची नवी वाणं दाखवत होता आणि हे सगळं त्यांच्याच भाषेत, म्हणजे स्पॅनिशमध्ये चाललं होतं.

डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

नाव ऐकल्यासारखं वाटत असेल. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केलेल्यांना गदर पक्षाच्या धड्यात ते एका ओळीत भेटतं. मलाही तेवढंच माहिती होतं. मग गेल्या वर्षी मी मोबाईलवर स्पॅनिश शिकायला घेतलं आणि दुसऱ्याच आठवड्यात ‘हा’ आणि ‘तो’ या दोन शब्दांवर अडकले. तेव्हा प्रश्न पडला की माझ्याकडं ॲप आहे, व्हिडिओ आहेत, चुकलं तर लाल अक्षरात दाखवणारी स्क्रीन आहे. खानखोजे मेक्सिकोत पोचले तेव्हा त्यांचं वय चाळीस होतं. त्यांनी हे कसं निभावलं असेल?

त्यासाठी आधी ते तिथं पोचले कसे, ते बघावं लागतं.

खानखोजे यांचा जन्म १८८४ सालचा, वर्ध्याचा. सुरुवातीचं शिक्षण वर्ध्यात आणि पुढचं नागपुरात झालं. घरची परिस्थिती बरी होती, पोरगं शिकून नोकरीला लागेल अशी अपेक्षा होती. पण तो काळ लोकमान्य टिळकांचा होता. टिळकांच्या विचारांनी भारावलेल्या विदर्भातल्या तरुणांमध्ये खानखोजेही होते. सशस्त्र क्रांती करायची तर लष्करी शिक्षण पाहिजे आणि ते या देशात मिळणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. विशीतच त्यांनी घर सोडलं.

वर्ध्याहून मुंबईला जाणारी रेल्वे बडनेरा, शेगाव, नांदुरा, मलकापूर अशी जाते. आजही तीच लाईन आहे.

आधी जपान आणि तिथून अमेरिका. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात त्यांनी शेतीचं शिक्षण सुरू केलं. सोबत सॅन राफेलच्या टमालपैस मिलिटरी अकॅडमीत लष्करी शिक्षण घेतलं. नंतर ओरेगॉनच्या कृषी महाविद्यालयात शिकले आणि वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातून शेतीची पुढची पदवी मिळवली. पोट भरायला मजुरी चालूच होती. ओरेगॉनच्या लाकूड गिरण्यांमध्ये पंजाबी मजूर मोठ्या संख्येनं राबत होते, त्यांच्यात खानखोजे यांची ऊठबस होती. याच मजुरांमधून, सोहनसिंग भकना आणि लाला हरदयाळ यांच्या पुढाकारानं १९१३ मध्ये गदर चळवळ उभी राहिली आणि तिच्या पहिल्या फळीत वर्ध्याचे खानखोजे होते. तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे याच वर्तुळातले. ते भारतात परतले, पकडले गेले आणि १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले.

खानखोजे वाचले, कारण ते वेगळ्या वाटेनं निघाले होते. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर इराणच्या बाजूनं भारतात शिरायचं आणि ब्रिटिशांशी लढायचं असा बेत होता. त्यासाठी त्यांनी मुसलमान नाव घेतलं, तिथला वेष घेतला, टोळ्यांमध्ये राहिले. लढाईत जखमी झाले, पकडले गेले, निसटले. या भागावर एक अख्खी वेब सिरीज निघू शकते. आपल्यासाठी महत्त्वाचं एवढंच की मराठी, हिंदी, इंग्रजी येणाऱ्या या माणसाला जीव वाचवण्यासाठी चौथी भाषा बोलावी लागली. भाषा येत नाही हे कळलं असतं तर वेष काही कामाचा नव्हता.

युद्ध संपलं, बेत फसला. पुढं बर्लिन, १९२१ मध्ये मॉस्को, तिथं लेनिन यांची भेट. पण भारतात परतायचा रस्ता बंद होता. ब्रिटिश सरकारच्या लेखी ते धोकादायक होते. मग जायचं कुठं?

१९२४ मध्ये ते मेक्सिकोला गेले.

मेक्सिकोच का? कॅलिफोर्नियात असताना त्यांची काही मेक्सिकन लोकांशी ओळख झाली होती. मेक्सिकोत १९१० ला क्रांती सुरू झाली होती आणि तिचा गाभाच जमिनीचा होता. मोठ्या जमीनदारांच्या हासिएंदा फोडून जमीन गावांना परत द्यायची, ही एमिलियानो सापाता यांची मागणी. सापाता १९१९ मध्ये मारले गेले, पण मागणी राहिली. जमिनी वाटायला सुरुवात झाली होती. ज्या शेतमजुरानं जन्मभर दुसऱ्याच्या शेतात काम केलं, त्याच्या हातात आता स्वतःचा तुकडा येणार होता. त्याला बियाणं कुठलं घ्यायचं, कसं राखायचं, कधी पेरायचं हे सांगणारं कुणीतरी हवं होतं. आणि खानखोजे यांच्याकडं नेमकं दोन गोष्टींचं शिक्षण होतं, क्रांतीचं आणि शेतीचं. पहिल्यासाठी त्यांना कुठंच जागा उरली नव्हती.

मेक्सिको सिटीजवळ तेस्कोको नावाचं गाव आहे. त्याच्या शेजारी चापिंगो. एका जुन्या हासिएंदाच्या जागेवर तिथं नुकतंच राष्ट्रीय कृषी विद्यालय आलं होतं. माणसाचं शोषण करायला नाही, जमिनीतून पीक काढायला शिकवायचं, अशा अर्थाचं तिथलं ब्रीदवाक्य. खानखोजे तिथं प्राध्यापक झाले.

आता कल्पना करा. कॉलेजातला वर्ग एक वेळ इंग्रजी पुस्तकांवर निभावून नेता येईल. पण शेतात शेतकऱ्यासमोर उभं राहिल्यावर काय? तिथं फळा नाही, पुस्तक नाही. तिथं बोट दाखवायचं असतं. हे बी घे, ते नको. या तासातलं कणीस बघ, त्या पलीकडच्या वावरातलं बघ. म्हणजे शेतात शिकवणाऱ्याला सगळ्यात आधी लागतात ते ‘हा’ आणि ‘तो’. मी जिथं अडकले तेच.

मराठीत आपलं काम दोन शब्दांत होतं. जवळचा तो ‘हा’, लांबचा तो ‘तो’. वऱ्हाडीत त्याचा ‘थो’ होतो, पण शब्द दोनच. स्पॅनिशमध्ये तीन आहेत. बोलणाऱ्याच्या जवळ असेल तर एस्ते. ऐकणाऱ्याच्या जवळ असेल तर एसे. दोघांपासून लांब असेल तर आकेल. म्हणजे माझ्या हातातला मका एस्ते माईस, तुमच्या हातातला एसे माईस आणि त्या टेकाडापलीकडं उभा असलेला आकेल माईस. आपण मराठीत हा फरक ‘तो तुझ्याजवळचा’ आणि ‘तो तिकडचा’ असं जोडून सांगतो. नाहीतर सरळ ‘तोऽऽ’ असा लांबवतो आणि हनुवटीनं दाखवतो. त्यांनी त्यासाठी शब्दच ठेवलाय.

दुसरी गोष्ट लिंगाची. इंग्रजीतून स्पॅनिशकडं येणारे इथं रडकुंडीला येतात, कारण टेबल बाई आणि पाव पुरुष हे त्यांना पटतच नाही. आपल्याला त्याचं काही वाटत नाही. आपला हा पाव, ही भाकरी, हे कणीस. त्यांचा एस्ते पान म्हणजे हा पाव, एस्ता तोर्तिया म्हणजे ही मक्याची पोळी. अनेकवचन झालं की एस्तोस आणि एस्तास. एसेचं एसा, एसोस, एसास होतं. आकेलचं आकेया, आकेयोस, आकेयास होतं. घोळ एवढाच की आपलं लिंग त्यांच्याकडं बदलतं. कणीस आपल्याकडं नपुंसकलिंगी, त्यांची मासोर्का मात्र स्त्रीलिंगी, म्हणून एस्ता मासोर्का. बी आपल्याकडं ‘ते बी’, त्यांची सेमिया पुन्हा स्त्रीलिंगी. हे पाठच करावं लागतं, इलाज नाही.

पण एक ठिकाण असं आहे जिथं मराठी माणूस घरी असल्यासारखा वागू शकतो. वस्तू काय आहे हेच माहिती नसेल तर आपण ‘हा काय’ किंवा ‘ही काय’ म्हणत नाही. ‘हे काय आहे’ म्हणतो. स्पॅनिशमध्येही अशा वेळी वेगळं रूप आहे, एस्तो. के एस एस्तो, म्हणजे हे काय आहे. कोमो से यामा एस्तो, म्हणजे याला काय म्हणतात. माझ्या मते परक्या मुलखात गेलेल्या माणसानं ‘धन्यवाद’च्याही आधी हे वाक्य शिकावं. एका वाक्यावर दिवसाला पन्नास शब्द मिळतात, आणि समोरच्याला शिकवायचा आनंद मिळतो तो वेगळाच.

बाकी रोजचं बोलणं अवघड नाही. सकाळी ब्वेनोस दीआस, दुपारनंतर ब्वेनास तार्देस. कृपया म्हणजे पोर फाबोर, आभार म्हणजे ग्रासिआस, केवढ्याला म्हणजे क्वांतो क्वेस्ता. जेवत असलेल्या माणसाजवळून जाताना प्रोबेचो म्हणतात, आपल्या ‘चालू द्या, सावकाश’सारखं. आणि मेक्सिकोत मोठ्या माणसानं हाक मारली की मांदे म्हणतात, म्हणजे आपलं ‘जी’. तू आणि तुम्हीचा फरकही तिथं आहे. तूला तूच, चक्क तोच उच्चार, आणि तुम्हीला उस्तेद. इंग्रजीत सगळ्यांना एकच यू. वर्ध्यात वडीलधाऱ्यांना अहो-जाहो करत वाढलेल्या माणसाला उस्तेद कधी वापरायचं हे वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि हे उस्तेद शेतात फार महत्त्वाचं होतं. हासिएंदावर मालक आणि मुकादम मजुराला अरे-तुरे करायचे, जसं आपल्याकडंही चालायचं. त्याच मजुराला शिकवायचं तर तो शिकण्याआधी त्याला माणूस म्हणून बोलावं लागतं.

खानखोजे नुसते चापिंगोच्या वर्गात थांबले नाहीत. त्यांनी शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा उभ्या केल्या. एस्कुएलास लिब्रेस दे आग्रिकुल्तुरा, म्हणजे शेतीच्या मुक्त शाळा. गावातच शाळा, फी नाही, शिकणारे स्वतः शेतकरी आणि शेतमजूर. यातल्या एका शाळेला सापाता यांचं नाव होतं. टीना मोदोत्ती ही इटलीत जन्मलेली छायाचित्रकार तेव्हा मेक्सिकोत होती. आज तिचे फोटो जगभरच्या संग्रहालयांत असतात. तिनं या शाळांचे आणि खानखोजे यांच्या मक्याचे फोटो काढले.

चित्रकार दिएगो रिवेरा हे तर खानखोजे यांचे मित्रच. रिवेरा म्हणजे फ्रीडा काहलोचे नवरे, अशी ओळख हल्लीच्या पिढीला जास्त पटकन पटते. चापिंगोच्या जुन्या चॅपेलच्या भिंती रिवेरा यांनीच रंगवल्यात. पण आपल्यासाठीचं चित्र दुसरीकडं आहे. मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाची इमारत आहे, तिथल्या भिंतींवर रिवेरा यांनी १९२०च्या दशकात शेकडो माणसं रंगवली. त्यातल्या एका चित्राचं नाव एल पान नुएस्त्रो, आपली भाकरी. एका टेबलाभोवती सगळ्या थरातली माणसं बसलीत आणि मधोमध बसलेला एक माणूस पाव मोडून वाटतोय. तो चेहरा खानखोजे यांचा आहे.

मला या चित्रातली एक गोष्ट फार आवडते. त्या टेबलाच्या मुख्य जागी रिवेरा मेक्सिकन माणूस बसवू शकले असते आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नसतं. त्यांनी विदर्भातला माणूस बसवला. तोवर खानखोजे यांना मेक्सिकोत येऊन जेमतेम चार वर्षं झाली होती.

संशोधन चालूच होतं. गहू, कडधान्यं आणि मुख्य म्हणजे मका. मक्याचा त्याच्या रानटी पूर्वजाशी, तेओसिंतेशी संकर करून बघणं, एका धांड्याला जास्त कणसं धरतील अशी झाडं निवडणं, असं काम त्यांनी केलं. त्यांच्या एका वाणाचं नाव माईस ग्रानादा. ग्रानादा म्हणजे डाळिंब. या मक्यावर त्यांनी १९३६ मध्ये स्पॅनिशमध्ये पुस्तिका प्रसिद्ध केली. बारा वर्षांपूर्वी परक्या देशात उतरलेला माणूस त्या देशाच्या मुख्य पिकावर त्याच देशाच्या भाषेत लिहीत होता.

त्याच वर्षी त्यांनी लग्न केलं. पत्नी जान सिंदिक बेल्जियमच्या. वय बावन्न. दोन मुली झाल्या, एकीचं नाव सावित्री, दुसरीचं माया. मुली मेक्सिकोत वाढल्या, आजूबाजूला सगळं स्पॅनिश आणि नावं मात्र घरची.

आकेलचा अजून एक उपयोग आहे, तो मी मुद्दाम शेवटी ठेवला. लांबच्या वस्तूसाठी जसा तो शब्द वापरतात, तसाच लांबच्या काळासाठीही. आकेयोस आन्योस, ती वर्षं, ते दिवस. जे आता हाताला लागणार नाहीत असे. मेक्सिकोत बसून वर्ध्याबद्दल बोलायचं म्हटलं तर व्याकरणाप्रमाणं हाच शब्द लागतो.

१९४७ ला देश स्वतंत्र झाला. ज्यासाठी घर सोडलं ते झालं होतं, त्यामुळं आता परत यायला काय हरकत होती? हरकत कागदाची होती. ब्रिटिशांनी केलेल्या काळ्या यादीत त्यांचं नाव होतं आणि राज्य गेलं तरी यादी गेली नव्हती. स्वतंत्र भारतात यायला, भारताच्या स्वातंत्र्यासाठी हद्दपार झालेल्या माणसाला परवानगीसाठी अडावं लागलं. हे वाचताना माझी चिडचिड झाली होती, ती लपवत नाही.

शेवटी १९४९ मध्ये मध्य प्रांताच्या सरकारनं त्यांना शेतीचे सल्लागार म्हणून बोलावलं. विशीत गेलेला माणूस पासष्टाव्या वर्षी नागपुरात उतरला. वऱ्हाड तेव्हा याच प्रांतात होतं, म्हणजे ज्या सरकारला ते सल्ला द्यायला आले त्यात आपला बुलढाणाही आला. इथलं काम मेक्सिकोसारखं जमून आलं नाही. १९५०च्या दशकाच्या मध्यात कुटुंबासह ते नागपुरात कायमचे राहायला आले.

पुढचा योगायोग बघा. १९६०च्या दशकात देशात अन्नधान्याची टंचाई होती आणि भारतानं मेक्सिकोतून गव्हाचं बियाणं मागवलं. १९६६ मध्ये एकट्या त्या वर्षी १८ हजार टन. हरितक्रांती म्हणतात ती इथून धरली जाते. हे वाण नॉर्मन बोरलॉग यांच्या मेक्सिकोतल्या कामातून आलं होतं. चापिंगोच्या शेतांवरही बोरलॉग यांनी काम केलं होतं. वाणांची नावं सोनोरा ६४ आणि लेर्मा रोहो. इंग्रजी स्पेलिंग बघून आपण रोजो म्हणू, पण स्पॅनिशमध्ये तो उच्चार रोहो होतो आणि अर्थ लाल. पोत्यांवरच्या या नावांचा अर्थ न विचारता सांगू शकेल असा एक म्हातारा माणूस तेव्हा नागपुरात राहत होता.

२२ जानेवारी १९६७ ला खानखोजे नागपुरात वारले.

त्यांची मुलगी सावित्री सॉनी यांनी वडिलांचं चरित्र इंग्रजीत लिहिलंय, आय शॅल नेव्हर आस्क फॉर पार्डन, म्हणजे मी कधीच माफी मागणार नाही. खानखोजे यांच्याबद्दल खोलात वाचायचं असेल तर सुरुवात तिथून करावी.

आणि चापिंगोचं ते विद्यालय आता विद्यापीठ आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथं खानखोजे यांचा पुतळा बसवला, लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला त्यासाठी मेक्सिकोला गेले होते. एल पान नुएस्त्रो हे चित्र मेक्सिको सिटीतल्या त्याच इमारतीत अजून आहे. कधी जाणं झालं तर एस्ते, एसे, आकेल एवढं पाठ असू द्या, म्हणजे टेबलावरचा नेमका कोणता माणूस आपला, हे विचारता येईल.